झील धरणारे

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वार्षिक अहवालात बरंच काही असतं. शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) कोणी सुरू केली, स्त्री मंडळीची अध्यक्ष कोण, तरुण संघाचा सचिव कोण, दानपेटीत किती जमलं, छताच्या दुरुस्तीला किती गेले. पण शब्बाथ शाळेच्या ताई आजारी होत्या तेव्हा त्यांच्या मुलांना कोणी बसवलं, पेटीवाल्या काकांच्या हाताला कंप सुटला तेव्हा गीतांचा सूर कोणी धरला, पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) घरात मयत झालं त्या रविवारी व्यासपीठावर कोण उभं राहिलं, हे त्यात सापडत नाही. मला तर अलीकडे असं ठामपणे वाटू लागलंय, की एखादी मंडळी जिवंत आहे का हे या न लिहिलेल्या भागावरूनच कळतं. कामं सुरू करणारे सगळीकडे असतात. दुसऱ्याचं काम स्वतःचं असल्यासारखं उचलणारे आणि वेळ आली की ते परत त्याच्या हाती देणारे किती आहेत, यावर मंडळीचं पुढचं आयुष्य ठरतं.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि तिथून ते खेड्यापाड्यांत पसरलं, त्यातलीच ही एक. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं तेव्हापासून पाटीवर ते नाव आहे. भिंती मात्र मिशनच्या काळातल्या, दगडी. पाळकसाहेबांकडे आमच्याशिवाय आसपासच्या वस्त्यांवरच्या मंडळ्याही आहेत, त्यामुळे दर रविवारी ते आमच्यात नसतात. ते नसले म्हणून उपासना थांबत नाही. कोणी शास्त्रवाचन घेतं, कोणी मध्यस्थीची प्रार्थना करतं, निवृत्त झालेले एखादे मास्तर संदेश देतात. बाहेरच्या माणसाला ही तात्पुरती सोय वाटेल, पण आमच्या भागात मंडळ्या उभ्या राहिल्या त्या याच रीतीने. मिशनरी घोड्यावरून किंवा बैलगाडीतून कधीतरी येणार, आणि मधल्या काळात गावातले मास्तर आणि घरोघरी बायबल वाचून सांगणारी बायबलबाई शाळाही चालवणार, प्रार्थनाही घेणार, आजाऱ्याच्या उशाशीही बसणार.

आमच्या समाजात शिक्षक जसे पुष्कळ तशा नर्सही पुष्कळ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडलं. तिथे आणि मिशनच्या इतर इस्पितळांत शिकून बाहेर पडलेल्या मुली आमच्या कितीतरी घरांतून आहेत. नर्स असलेल्या बाईचा रविवार तिच्या हातात नसतो, तो ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेला असतो. आमच्या शब्बाथ शाळेच्या ताई अशाच. मुलांना गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी अशी, की योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथे पहिल्या ओळीतली पोरं डोळे पुसतात. मागे त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका आला. दिवसा आई, रात्री ड्युटी. शाळा बंद पडणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

ती उचलली आमच्या खजिनदार काकांनी. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. आवाज भरदार, पण गोष्ट सांगायची कला अंगात नाही. त्यांनी काय करावं? इस्पितळात जाऊन ताईंकडून त्यांची वही मागून आणली. कोणत्या रविवारी कोणता पाठ, कोणतं सुवर्णवचन, कोणाला वाचता येत नाही, कोणाला घरी मार पडतो, हे सगळं ताईंनी त्यात नोंदलेलं. काकांनी पाठ बदलले नाहीत, क्रमही बदलला नाही. गोष्ट ते वाचून दाखवायचे. मुलं सुरुवातीला चुळबुळली, मग सरावली. वाचायला न येणाऱ्या एका मुलाला काका शाळा सुटल्यावर पायरीवर बसवून शिकवू लागले. ताई परत आल्या त्या रविवारी काकांनी ती वही त्यांच्या हातात दिली. मधल्या सगळ्या हजेऱ्या भरलेल्या, मुलांचे वाढदिवस मागच्या पानावर आणि त्या एका मुलाच्या नावापुढे 'आता वाचतो' एवढंच. मग काका पुन्हा आपल्या जमाखर्चाकडे गेले.

हे परत देणं मला फार मोठं वाटतं. मदतीला धावणारे पुष्कळ असतात, पण मदत करता करता काम आपलं करून टाकण्याचा मोह फार कमी लोकांना आवरतो. मी पाहिलेल्या एका मंडळीत गायनमंडळाच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांची गीतंही बदललेली होती, त्यांची जागाही. कोणी त्यांना उघडपणे काही म्हटलं नाही. त्या हळूहळू मागच्या बाकावर बसू लागल्या आणि पुढे उपासनेलाच यायच्या थांबल्या. ज्यांनी ते काम सांभाळलं त्यांनी ते छानच केलं होतं, गाणं पूर्वीपेक्षा सुरेलही झालं असेल. तरीही मंडळीने एक सेवा राखताना एक सेविका गमावली, आणि असा हिशेब मला कधीच मान्य होणार नाही.

याच्या उलट टोकालाही दुखणं आहे. काही माणसं आपल्या कामाला कोणाला हातच लावू देत नाहीत. वेदीवरची फुलं मीच लावणार, किल्ल्या माझ्याकडेच राहणार, आजाऱ्यांच्या भेटीला मीच जाणार. त्यांची निष्ठा खरी असते, कष्टही खरे असतात. पण अशी माणसं थकली किंवा लेकाकडे पुण्याला राहायला गेली की ते काम तिथेच संपतं, कारण कोणाला ते शिकवलेलंच नसतं. मदत घेणं हासुद्धा सेवेचा भाग आहे, हे आमच्या पंचांच्या सभेत जितक्या वेळा सांगता येईल तितक्या वेळा मी सांगते.

या विषयावर विचार करताना मला सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी येशूचं चरित्र मराठी काव्यात आणायचं ठरवलं होतं. ख्रिस्तायन. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. काम अर्धवट म्हणणंही धाडसाचं, जेमतेम पायाच घातला गेला होता. टिळक संस्कृत पढलेले, कीर्तनकार, ज्यांची गीतं आम्ही आजही दर रविवारी गातो असे कवी. त्यांच्या मागे ते काव्य कोण पुरं करणार? मराठी ख्रिस्ती समाजात तेव्हा लिहिणारे होते, शिकलेले होते. पुरं केलं ते लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने अक्षरं गिरवलेल्या बाईने उरलेले ६४ अध्याय लिहिले.

त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की या गोष्टीचं वजन कळतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. नवरा धर्मातून गेला, घर मोडलं, माणसं दुरावली. त्या लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत. स्वतःची वाट स्वतःच्या वेगाने चालून त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या श्रद्धेपायी एकदा सगळं गमावलं, तिच्याच गाण्याचा अपुरा राहिलेला धागा त्यांनी पुढे उचलला, आणि तोही विधवेपणात, पैशाची ओढाताण असताना, वय उतरणीला लागल्यावर. टिळकांचा आव त्यांनी आणला नाही. आणला असता तर तो लगेच उघडा पडला असता. त्यांनी आपल्या घरच्या, स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या मराठीत लिहिलं. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. ख्रिस्तायन छापून आलं १९३८ साली. एवढं मोठं काम छापलेलं पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

दुसऱ्याच्या सेवेला हात लावणं म्हणजे काय, हे मला या बाईकडून कळतं. काम त्याचं, हात आपला. त्याने धरलेली दिशा सोडायची नाही आणि त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्नही करायचा नाही.

टिळक कीर्तन करायचे. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन यावं, आपल्या मातीतल्या सुरात देवाला आळवावं, हा त्यांचा ध्यास होता. कीर्तनाला एकटा कीर्तनकार पुरत नाही. मागे झीलकरी लागतात. कीर्तनकाराने धृपद म्हणून सोडलं की ते उचलायचं, घोळवायचं, त्याला श्वास घ्यायला आणि पुढचं निरूपण मनात जुळवायला अवसर द्यायचा, आणि तो परत आला की आवाज खाली आणायचा. झील धरणाऱ्याचा गळा कीर्तनकारापेक्षा चांगला असू शकतो. तरी त्याला ठाऊक असतं की आख्यान कोणाचं आहे. आमच्या खजिनदार काकांनी शब्बाथ शाळेत नेमकं हेच केलं.

बायबलच्या नव्या करारात माझं आवडतं माणूस एपफ्रदीत आहे. त्याच्यावर उपदेश फार क्वचित ऐकायला मिळतो. येशूचा प्रेषित पौल तुरुंगात होता. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने आपल्यातल्या या माणसाला त्याच्याकडे भेट घेऊन आणि त्याची सेवा करायला पाठवलं. तिथे तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारी पोहोचला. बरा झाला, पण त्याचा जीव घराकडे लागला होता. आपण आजारी पडल्याचं मंडळीला कळलंय या विचाराने तो कासावीस झाला होता. पौल त्याला परत पाठवतो आणि पत्रात मुद्दाम लिहितो, की याला आनंदाने स्वीकारा, अशा माणसांचा मान राखा, कारण तुमच्याकडून माझ्या सेवेत जे उणं राहिलं होतं ते भरून काढायला याने जीव धोक्यात घातला. मदतीला गेलेला माणूसच आजारी पडून परत येतोय, लोक कुजबुजतील, 'याला पाठवून काय उपयोग झाला?' म्हणतील, हे पौलाने ओळखलं असावं. म्हणून त्याने आधीच त्याची बाजू मांडून ठेवली. मंडळीच्या पुढाऱ्याने करायचं काम ते हेच. मदतीला गेलेल्याचं रक्षण करणं.

पुणे जिल्ह्यात केडगावला जाऊन आलं की हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. पंडिता रमाबाई म्हटलं की डोळ्यांसमोर एकटी, पांढऱ्या लुगड्यातली, ताठ उभी बाई येते. त्या एकट्या उभ्या राहिल्या हे खरंच आहे. पण मुक्ती, म्हणजे केडगावचा त्यांचा निराधार स्त्रियांचा आश्रम, एकटीने चालला नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. लगेच पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, त्यांना अमेरिकेला जावं लागलं. एवढा संसार मागे कोणी ओढला? सुंदराबाई पवार यांनी, ज्यांचं पुण्यात स्त्रियांना सेवेसाठी तयार करण्याचं स्वतःचंही काम होतं, आणि मिनी अब्राम्स यांनी, ज्या मेथडिस्ट मिशनमधून येऊन नुकत्याच रमाबाईंना मिळाल्या होत्या. रमाबाईंकडे मुली आणि बायका होत्या, पण दुष्काळाने मुलगेही अनाथ केले होते. त्यांच्यासाठी रमाबाईंच्या सांगण्यावरून अल्बर्ट नॉर्टन यांनी जवळच दौंडला मुलांचा आश्रम उघडला. एकाच रेल्वे मार्गावर दोन गावं, इकडे मुली, तिकडे मुलगे. आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं तेव्हा मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या त्या तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. बायबल पूर्ण छापून झालं ते त्यानंतर. त्या खिळे जुळवणाऱ्यांतल्या कितीजणी दुष्काळात उपाशी सापडल्या असतील याचा विचार मनात आला की मला त्या बायबलचं पान उलटताना हात सावकाश न्यावासा वाटतो.

आमच्याकडे हे सगळ्यात चांगलं जमतं ते स्त्री मंडळीला. याचं कारण मला असं वाटतं, की बायकांना दुसऱ्याच्या घरात जाऊन त्या घरच्या पद्धतीने काम करण्याची सवय असते. मयताच्या घरी गेलं की चुलीचा ताबा घ्यायचा, पण मीठ-मसाल्याचे डबे त्या घरच्या बाईने ठेवले तिथेच परत ठेवायचे. कोणी गेलं की पहिल्या दिवशी चहा आणि दूध कोण आणणार, दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी कोणाकडून, दफनानंतर येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण कोण बघणार, हे सांगावं लागत नाही. घरचा पुरुष माणूस दफनभूमीची जागा आणि शवपेटी यांच्या मागे असतो, तेव्हा त्याची लहान मुलं कोणाच्या तरी ओसरीवर जेवत असतात. पंचांच्या निवडणुकीत ज्या दोन घरांचं वर्षभर पटलेलं नसतं, त्यांच्यातसुद्धा अशा वेळी डबा जातो. मी स्वतः असा डबा पोचवला आहे आणि घेतलाही आहे.

कापणीच्या सणाला आणखी एक गोष्ट घडते. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं आणतात. बाजरीची कणसं, कांदे, लिंबं, गावरान अंडी, एखादी कोंबडी पायाला सुतळी बांधलेली. उपासनेनंतर लिलाव होतो. ज्याने भोपळा आणला त्याचाच शेजारी चढी बोली लावून तो घेतो आणि पुन्हा लिलावाला ठेवतो, असं दोन-तीनदा चालतं. आमच्याकडे काही वर्षांपासून एक पद्धत पडली आहे. स्त्री मंडळीच्या टेबलाचे पैसे तरुण संघाच्या शिबिराला जातात, आणि तरुण मुलं जो चहाचा गाळा लावतात त्याचे पैसे विधवा भगिनींच्या फंडात. हे कोणी ठराव करून सुरू केलं नाही. एका वर्षी शिबिराला पैसे कमी पडले, स्त्री मंडळीने दिले, पुढच्या वर्षी मुलांना आपण होऊन परतफेड करावीशी वाटली. आता मुलं म्हणतात, 'मावश्यांच्या फंडासाठी चहा विकतोय.' हे वाक्य मला कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त समाधान देतं.

मंडळीच्या कुंपणाबाहेरही हे जायला हवं, तिथे आम्ही अजून कमी पडतो. एकाच गावात सीएनआय, मेथडिस्ट, कॅथलिक आणि दोन-तीन नव्या सहभागिता, म्हणजे नवे प्रार्थना गट. रस्त्यात भेटल्यावर सलाम होतो, लग्नाकार्यात जेवायलाही जातो. पण त्यांच्या शब्बाथ शाळेला शिक्षक नाही म्हणून आमचा पाठवला, असं क्वचितच घडतं. माणसं पळवली जातील ही भीती दोन्हीकडे आहे, आणि ती अगदी निराधार आहे असंही नाही. गेल्या नाताळात मात्र कॅथलिक तरुणांचा ढोलकवाला आमच्या गीतफेरीत होता, कारण आमचा मुलगा परीक्षेला गेला होता. गावातल्या भजनी मंडळातले एक गुरुजी तर कित्येक वर्षं आमच्या नाताळच्या भजनाला पखवाज वाजवायला येतात. त्यांना टिळकांची पदं आमच्या तरुण मुलांपेक्षा जास्त पाठ आहेत.

आता ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ जवळ आला आहे. गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ या वेळात आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. वर्षानुवर्षं तीच सात माणसं होती. त्यातले एक मास्तर यंदा डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे उभे राहू शकणार नाहीत. त्यांच्याकडे पाचवा उद्गार असायचा, 'मला तहान लागली आहे.' त्यांनीच सुचवलं, की तो तरुण संघातल्या एका मुलीला द्यावा. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कधी चारचौघांत बोललेली नाही. मास्तरांनी आपली जुनी टिपणं तिला दिलीत, आणि बजावलंय की ती वाचून दाखवायची नाहीत, समजून घेऊन आपलं बोलायचं. येत्या शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे बसणार आहे. मी जाताना तिच्यासाठी वॉर्डात पाहिलेल्या तहानेबद्दल दोन प्रश्न लिहून नेणार आहे, आणि मास्तरीणबाईंना सांगून ठेवलंय की चहाची चिंता करू नका, मी घेऊन येते.